पंचवीस पिल्लं आणि गावभर वैद्य

कोंबडीची पिल्लं घरी आणेपर्यंत आपल्या नात्यागोत्यात एवढे पशुवैद्य आहेत याची मला कल्पना नव्हती. माणूस आजारी पडला तर लोक निदान 'डॉक्टरला दाखवलं का' एवढं तरी विचारतात. पिल्लाच्या बाबतीत ती पायरीच नाही. फाटकातून आत आलेला माणूस चपला काढायच्या आधी खोक्यात डोकावतो, त्यातल्या सगळ्यात बारक्या पिल्लाकडे बोट करून 'हे काय जगत नाही' असं भाकीत करतो आणि मग निवांत चहाला बसतो. पहिला घोट घेतला की विचारतो, "घालता काय यांना?"

या प्रश्नात मेख असते. 'खाद्य' म्हणालात की पुढचा प्रश्न येतो, 'औषधाचं की साधं?' आणि इथून पुढे तुमचं उत्तर काहीही असो, ते चूकच असतं.

बँकेतून निवृत्त होऊन भोर तालुक्यातल्या जुन्या घरी राहायला आलो, तेव्हा दारात चार कोंबड्या असाव्यात एवढीच माझी माफक इच्छा होती. पण चार पिल्लं कोणी देत नाही. एक दिवसाची पिल्लं येतात ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून. खोक्याला चार कप्पे, दर कप्प्यात पंचवीस. "साहेब, सुट्टी देत नाही, अख्खा कप्पा घ्या," असं विक्रेत्याने सांगितल्यावर चारची पंचवीस झाली. शंभरावर दोन जादा द्यायची या धंद्यात रीत आहे. त्या हिशेबाने मला अर्धं पिल्लू वर मिळायला हवं होतं. उभा जन्म बँकेत काढूनही मी ते मागितलं नाही, हा माझा मोठेपणा.

पिल्लं घरात आली आणि संध्याकाळपर्यंत घरात पक्ष पडले.

औषधपक्षाचे नेते आमचे मेहुणे. तालुक्याच्या गावी त्यांचं खतं-बियाण्यांचं आणि पशुखाद्याचं दुकान आहे, त्यामुळे त्यांचं मत आणि त्यांचा माल एकाच टेम्पोतून येतो. "दाजी, पहिल्या दिवसापासून औषधाचा स्टार्टर चालू करा. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात कॉक्सी लागलीच म्हणून समजा." कॉक्सी म्हणजे कॉक्सिडिओसिस, गावच्या भाषेत रक्ती हगवण. हा शब्द उच्चारताना मेहुणे आवाज खाली आणतात आणि पोतं पुढे सरकवतात.

निसर्गपक्षाच्या अध्यक्षा शेजारच्या आक्का. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, दात सगळे शाबूत, आणि त्याचं श्रेय त्या कोंबड्यांप्रमाणे मोकळ्यावर वाढल्याला देतात. आक्कांनी पोत्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"आरं, कोंबडीचं पोर त्ये! उकिरड्यावर वाढायचं. त्याला कसली पावडर न् कसलं काय! माझ्या कोंबड्यांनी कदी औषिध बगितलं न्हाई."

"आक्का, तुमची कोंबडी मागच्या महिन्यात रवणीला बसवली होती ना? अंडी किती ठेवली होती?"

"बारा."

"पिल्लं?"

"धा निघाली."

"आता किती आहेत?"

"तीन. पर बग कशी वाघावानी हायेत!"

"आणि बाकीची सात?"

"दोन घारीनं न्येली, एक बोक्यानं. ऱ्हायलेली आपली ग्येली." आक्कांनी हात हवेत उडवला. "ती जगायची नव्हतीच."

नैसर्गिक प्रतिकारशक्तीचा हा हिशेब मला फार आवडला. बँकेत असताना बुडीत कर्जं अशी दाखवता आली असती तर मी महाव्यवस्थापक होऊन निवृत्त झालो असतो.

मेहुण्यांच्या वहीतही शिल्लक कायम जमेचीच. पिल्लू जगलं, तर पावडरमुळे. पिल्लू मेलं, तर "दाजी, डोस कमी पडला."

या दोघांमध्ये एक अपक्ष होते, समोरचे निवृत्त गुरुजी. ते रोज दोन वर्तमानपत्रं शेवटच्या पानावरच्या मुद्रकाच्या नावापर्यंत वाचतात. कोंबड्यांना प्रतिजैविकं चारतात आणि ती आपल्या पोटात येतात, यावर त्यांच्याकडे कात्रणांची फाईल आहे. कोलिस्टिन नावाचं प्रतिजैविक पशुपक्ष्यांना देण्यावर सरकारने २०१९ साली बंदी घातली, ही बातमी त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली. बातमी खरी होती. फक्त मेहुण्यांच्या पोत्यात कोलिस्टिन नव्हतं. "नाव वेगळं असेल," गुरुजी म्हणाले. "इम्युनिटी आतून यायला हवी." दुसऱ्या दिवशी त्यांनी आतून इम्युनिटी आणणाऱ्या काढ्याच्या चूर्णाचं पाकीट आणून दिलं. २०२० सालचं होतं. त्या वर्षी त्यांनी स्वतः ते का संपवलं नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पिल्लांना या चर्चेचं सोयरसुतक नव्हतं. अंड्यातून बाहेर येताना पिल्लू बलकाची शिदोरी पोटात घेऊन येतं, त्यावर त्याचे दोन-तीन दिवस निघतात. म्हणून तर ती खोक्यात बसून एवढा प्रवास करू शकतात. पहिल्या दिवशी गुळाचं पाणी पाजायचं, यावर मात्र तिन्ही पक्षांचं एकमत झालं. एकमत झालेलं पाहून मला भीतीच वाटली.

पहिले दिवस खाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि त्यावर मक्याचा भरडा टाकायचा, म्हणजे पिल्लं टोचायला शिकतात. वर्तमानपत्र अर्थात गुरुजींकडचं. पंचवीस पिल्लांनी तासाभरात अग्रलेखावर आपापलं मत नोंदवलं. वर बल्ब. पहिल्या आठवड्यात पंचाण्णव अंश फॅरनहाइट ऊब आणि मग दर आठवड्याला पाच अंश कमी, असं गणित आहे. पण थर्मामीटरची खरं तर गरज नसते. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी, लांब भिंतीला चिकटली तर उकाडा, एकाच बाजूला दाटली तर वारा. हे गणित कळल्यापासून मी रात्री बॅटरी घेऊन त्यांची मांडणी पाहायला उठू लागलो. माझ्या मुलाच्या लहानपणी मी रात्री एकदाही उठलो नव्हतो, याची आठवण बायकोने मला पिल्लांसमोर करून दिली.

मग बुडाचा प्रश्न आला. प्रवासाच्या दगदगीनं किंवा ऊब कमी-जास्त झाल्यानं काही पिल्लांची विष्ठा मागच्या पिसांना चिकटून वाळते आणि वाटच बंद होते. वेळेवर साफ केली नाही तर पिल्लू दगावतं. करायचं एवढंच, की डाव्या तळहातावर पिल्लू धरायचं, कोमट पाण्यात भिजवलेला कापूस त्या जागी धरून ठेवायचा, खपली मऊ होईपर्यंत थांबायचं, ओढायचं मुळीच नाही, आणि मग पुसून कोरडं करायचं. एवढ्या काळात पिल्लू आपल्याकडे मान वळवून ज्या नजरेनं पाहतं, ती नजर मी पूर्वी फक्त ऑडिटरकडे पाहिली होती. मी असा बसलेलो असताना जुन्या सहकाऱ्याचा फोन आला.

"काय साहेब, निवृत्तीनंतर काय चाललंय?"

"क्लिअरिंग," मी म्हणालो.

दुसऱ्या आठवड्यापासून मेहुण्यांनी मला विष्ठानिरीक्षणाला बसवलं. रक्त दिसलं की ताबडतोब फोन. आता हा विषय वाटतो तेवढा सोपा नाही. कोंबडीची नेहमीची शीट वेगळी आणि मधूनच एखाद्या वेळी पडणारी वेगळी. ही दुसरी आंधळ्या आतड्यातून येते. ती चॉकलेटी, चिकट, फेसाळ असते आणि तिला असा काही वास असतो की नवशिक्या माणूस पिल्लाची आशा सोडतो. ती पूर्णपणे निरोगी असते. मला हे नंतर कळलं. आधी मी तिचा जवळून, चांगल्या उजेडात फोटो काढला आणि 'हे काय असेल? तातडीने सांगा' असं लिहून मेहुण्यांना पाठवला. गेला तो आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. पुण्याच्या काकूंचा अंगठा लगेच आला. ठाण्याच्या वहिनींनी लिहिलं, "नाचणीची खीर का? गूळ जास्त झालाय." अमेरिकेतल्या भाचीने कृती मागवली. मी खुलासा लिहायला घेतला, तर बायको म्हणाली, "राहू द्या. काकूंनी करून बघायला घेतली असेल."

या सगळ्यात एक लस मात्र कोणाला न विचारता उरकली, कारण गावात मानमोडीची कुणकुण होती. मानमोडी म्हणजे राणीखेत. १९२६ साली इंग्लंडात न्यूकॅसलच्या बाजूला हा रोग सापडला आणि त्याच सुमारास आपल्याकडे कुमाऊँतल्या राणीखेतला. त्यामुळे एकाच रोगाला दोन गावांची नावं मिळाली. गुरुजी राणीखेतला सहलीला जाऊन आले आहेत. "हवा फार आरोग्यदायी आहे हो तिथली," ते म्हणाले. कोंबड्यांचा अनुभव वेगळा आहे. मान मागे पिळवटते, पाय ओढत चालते, आणि वस्तीतली खुराडी आठवड्याभरात रिकामी होतात.

लासोटा लसीचा एकेक थेंब पिल्लाच्या डोळ्यात टाकायचा आणि ते डोळा मिटेपर्यंत धरून ठेवायचं. बर्फाच्या थर्मासातून आणलेली शिशी शंभर पिल्लांची आणि एकदा मिसळली की तास-दोन तासांत संपवायची. आमची पंचवीस झाली, पंचाहत्तर थेंब उरले. फुकट जाणार म्हटल्यावर बायकोचा जीव तुटायला लागला. तिनं कुंपणावरून आक्कांना हाक मारली.

"आक्का, लस उरलीय. घालायची का तुमच्या पिल्लांना?"

"औषिध नगं बाई मला."

"फुकट आहे."

कुंपणापलीकडे क्षणभर शांतता.

"समद्यात पुडं माजी घाल," आक्का म्हणाल्या. त्यांनी वाघांसारखी तिन्ही पिल्लं ओटीत घालून आणली, शिवाय मोठ्या कोंबड्याही डालग्याखाली घालून आणल्या. वाटेत भेटलेल्या जावेलाही त्यांनी निरोप दिला.

इथवर बरं चाललं होतं. मग आषाढ लागला. आमच्याकडचा आषाढ ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. पिल्लं अंग फुगवून, पंख पाडून कोपऱ्यात उभी राहायला लागली आणि एका सकाळी खाली अंथरलेल्या भाताच्या तुसावर लाल ठिपके दिसले. या खेपेला नाचणीची खीर नव्हती.

प्रत्येकानं आपापलं कर्तव्य केलं. मेहुण्यांनी धाडलेली ॲम्प्रोलियमची पावडर मी पाण्यात मिसळली. पिल्लं मलूल दिसतात म्हणून बायकोनं त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक ओतलं आणि मला सांगितलं नाही, कारण मी चिडतो. आक्कांनी आमच्या परसात येऊन हळद आणि ठेचलेला लसूण टाकला. गुरुजींनी काढा स्वतः उकळून आणला. पाण्याचं भांडं एका वेळी पिवळं, मग तपकिरी, मग वर्णनापलीकडचं झालं. पिल्लं ते प्यायला तयार नव्हती, आणि या सर्व काळात आमच्या घरात योग्य निर्णय घेणारी तेवढीच होती.

शेवटी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले. तरुण माणूस. त्यांनी भांड्याचा वास घेतला आणि विचारलं, "यात काय काय आहे?" मी यादी वाचली. बी-कॉम्प्लेक्सवर ते थांबले.

"हे कोणी घातलं?"

बायको म्हणाली, "ताकद यावी म्हणून."

"आली असेल. त्या जंतूंना." मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की ॲम्प्रोलियम दिसायला बी-वन जीवनसत्त्वासारखं असतं. आतड्यातला परजीवी बी-वन समजून ते घेतो आणि उपासमारीनं संपतो. "पावडर घालून त्याला उपास तुम्हीच घडवताय आणि मागच्या खिडकीतून त्याला डबाही तुम्हीच पोचवताय."

घरात कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

"पण हे अँटिबायोटिक आम्हाला तत्त्वतः..." गुरुजींनी सुरुवात केली.

"हे अँटिबायोटिक नाही, गुरुजी."

गुरुजींची पूर्ण फाईल त्या एका वाक्यानं बाद झाली. मग डॉक्टरांनी खाद्याची पोती उलटी केली. इथे मला थोडं सांगायला हवं. घरात शांतता राहावी म्हणून मी मध्यंतरी मेहुण्यांच्या औषधी स्टार्टरमध्ये दुसऱ्या दुकानातला 'साधा' स्टार्टर निम्मा-निम्मा मिसळत होतो. दोन्ही पक्षांना मी स्वतंत्रपणे सांगितलं होतं, की पिल्लं तुमचंच खातात. डॉक्टरांनी दोन्ही पोत्यांना शिवलेली चिठ्ठी वाचली. दोन्हींवर एकच औषध होतं, सॅलिनोमायसिन, आणि खाली बारीक अक्षरात 'घोड्यांना देऊ नये'. एवढ्या वर्षांत आपल्याकडे घोडा नाही याचं समाधान मला पहिल्यांदाच वाटलं.

"म्हणजे हे साधं खाद्यही..." मी म्हणालो.

"दुकानातला बहुतेक स्टार्टर असाच येतो. चिठ्ठी वाचत कोण नाही."

आक्का इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्यांना आता राहवेना. "म्हंजी माजंच खरं. औषिध घालूनबी झालीच की हगवण!"

"आक्का, निम्मं तुमचं खरं," डॉक्टर म्हणाले, आणि आक्कांच्या चेहऱ्यावर पूर्ण विजय पसरला, कारण 'निम्मं' त्यांना ऐकू आलं नसावं. कॉक्सीचं तसंच आहे म्हणे. तिची अंडी प्रत्येक कोंबडीच्या अंगणात असतातच. खुडूक कोंबडीमागे फिरणारं पिल्लू पहिल्या दिवसापासून मातीत टोचतं, थोडी थोडी पोटात जातात, आणि हळूहळू अंगात प्रतिकार तयार होतो. खाद्यातलं औषधही सगळं मारून टाकायला नसतं, मार सौम्य करायला असतं, म्हणजे तेवढ्यात पिल्लू तयार होतं. घात होतो तो एकदम भरपूर पोटात गेली की. "पण हे मानमोडीला लावू नका," ते म्हणाले. "तिथे थोडी थोडी वगैरे काही नसतं. तिथे लसच."

"लस घातलीया मी," आक्का अभिमानानं म्हणाल्या. "समद्यात आदी."

मग डॉक्टर खाली बसले आणि त्यांनी पाण्याच्या भांड्याजवळचं मूठभर तूस उचलून दाबलं. मूठ उघडली. तुसाचा लाडू झाला होता. त्यांनी लांबच्या कोपऱ्यातलं तूस दाबलं. ते बोटांतून भुरभुरलं. "हा तुमचा रोग," पहिल्या लाडवाकडे बोट करून ते म्हणाले. विष्ठेतून पडलेल्या त्या अंड्यांना ऊब, हवा आणि ओल मिळाली की दिवस-दोन दिवसांत ती रोग द्यायला तयार होतात. ऊब आम्ही बल्ब लावून दिली होती. हवा फुकट होती. ओल आमच्या चौघांच्या औषधी पेयानं पुरवली होती, कारण जो तो येऊन भांडं काठोकाठ भरत होता आणि पिल्लं त्यातून चालत होती.

डॉक्टरांनी टॉनिक बंद केलं, हळद-लसूण-काढा बंद केला, ॲम्प्रोलियमचं नीट माप लिहून दिलं आणि ते औषध संपेपर्यंत दुसरं काही घालायचं नाही असं बजावलं. ओलं तूस काढायला लावलं. जाताना अंगणातून अर्धी वीट उचलली आणि भांड्याखाली ठेवली. "भांडं पिल्लाच्या पाठीच्या उंचीला हवं. पिल्लं वाढली की वीटही वाढवा."

एवढ्या वादविवादानंतर उत्तर अर्धी वीट निघावी, हे कोणालाच पटलं नाही. औषधाला किंमत असते, निसर्गाला परंपरा असते, दोन्हींवर भांडता येतं. तूस रोज हलवायला फक्त कंबर लागते. त्या कामासाठी एकाही पक्षाचा कार्यकर्ता माझ्याकडे आलेला नाही.

दोन-तीन पिल्लं गेली, बाकीची तगली. सकाळी मेहुण्यांचा फोन आला, "बघा, पावडरनं वाचवली की नाही!" दुपारी आक्का म्हणाल्या, "हळदीनं राखली." गुरुजी काही बोलले नाहीत, पण त्यांनी काढ्याचं रिकामं पाकीट धुऊन, वाळवून परत नेलं, ते बहुधा फाईलला लावण्यासाठी. जगलेल्यांत निम्मे कोंबडे निघाले. ते पहाटे साडेतीनला, म्हणजे मी तूस हलवून झोपलो की, आरवतात. त्यावरही गावात दोन मतं आहेत.

आमच्याकडे आता अंडी असतात. ज्यांना हवी असतील त्यांनी जरूर यावं, पिल्लं पाहावीत, चहा घ्यावा, सल्लाही द्यावा. फक्त येताना भाताच्या गिरणीवरून तुसाचं एक पोतं घेऊन यावं, आणि ते पावसात भिजू देऊ नये.